मिसेस टॅप्सेलचं जर्मन रेशीम

पंचाहत्तर वर्षांच्या बाईला तिची लग्नातली चड्डी दाखवा म्हणून कसं विचारायचं, या काळजीने सिरिल वॉडलोला तीन दिवस जेवण गोड लागत नव्हतं.

सिरिल टपाल खात्यातून निवृत्त झालेला सरळमार्गी माणूस. छंद एकच. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या केंटच्या आकाशातून खाली आलेल्या जर्मन वैमानिकांची पॅराशूट तो जमवायचा. शिक्का, शिवण, दोरीची वीण बघून ते कुठलं आणि कधीचं हे तो सांगू शकत असे. त्याच्याकडे एका पॅराशूटची पाठपिशवी होती, पट्टे होते, नंबराचं कार्डसुद्धा होतं. नव्हती ती फक्त रेशमाची छत्री. १९४० च्या सप्टेंबरात ती गावाबाहेरच्या शेतात उतरली आणि गायब झाली. पंचावन्न वर्षांनी तिचा सुगावा लागला तो सिरिलच्या बायकोला, केस कापायला गेली असताना.

"मिसेस टॅप्सेल ड्रायरखाली बसून मोठ्याने सांगत होती," मॅव्हिस म्हणाली. "लग्नात आतले कपडे जर्मन रेशमाचे होते म्हणे. आईने शिवलेले. अजून जपून ठेवलेत."

"शिक्का असेल का गं त्यांच्यावर?"

"ते मी विचारू? तुझा छंद, तूच विचार."

शेवटी सिरिलने धीर करून फोन लावला.

"मिसेस टॅप्सेल, मी वॉडलो. मी जर्मन पॅराशूट गोळा करतो."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

"तुमच्याकडे एक आहे असं कळलंय. ओळख पटवायला गुरुवारी अकरा वाजता येऊ का?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"अहो, आता सगळ्या गावाला माहीत आहे!"

फोन बंद झाला.

"चड्डी म्हणालास का?" मॅव्हिसने विचारलं.

"शब्दही काढला नाही!"

"मग चिडली कशाला?"

बुधवारी त्याने चारदा फोन केला. कोणी उचलला नाही. गुरुवारी जाऊच नये असं त्याला वाटत होतं, पण वेळ दिली होती. वाह्यात म्हातारा वाटू नये म्हणून मॅव्हिसने त्याला करडा कोट आणि टाय घालायला लावला. हातात फाइल, खिशात भिंग. तो थेट सरकारी खात्यातला वाटत होता.

मिसेस टॅप्सेलच्या घरामागून धूर येत होता. घर पेटलं या धास्तीने सिरिल परसात धावला. बघतो तर म्हातारी हातात दाताळं घेऊन शेकोटीजवळ उभी, आणि दाताळ्याच्या टोकाला पांढरं रेशीम.

"थांबा!" सिरिल ओरडला आणि त्याने चड्डीचा एक पाय धरला.

मिसेस टॅप्सेलने दुसरा धरला. "सोडा! पुरावा नाही मिळायचा तुम्हाला!"

कुंपणापलीकडच्या शेजारणीने टायवाला गृहस्थ आणि मिसेस टॅप्सेल यांची ही ओढाताण पाहिली आणि पोलिसांना फोन केला. दहा मिनिटांत कॉन्स्टेबल पेल सायकलवरून आला, तेव्हाही दोघं आपापला पाय धरून उभी होती.

"साहेब," सिरिलला घाम फुटला होता, "हे दिसतं तसं नाही."

पण मिसेस टॅप्सेलने वर्दी पाहिली आणि तिचा धीरच खचला. तिने दोन्ही हात पुढे केले. "घाला बेड्या. आई गेली, आता मीच राहिले. पॅराशूट सापडलं तर जमा करा, नाहीतर तुरुंगात जाल, असं युद्धात पोलीस चौकीवर लिहिलं होतं. आम्ही केलं नाही. हे सरकारी साहेब गोळा करायला आलेत."

"सरकारी?" सिरिल कळवळला. "अहो बाई, मी टपाल वाटायचो! माझा छंद आहे हा!"

कॉन्स्टेबल पेलने वही काढली होती, ती अर्धवट उघडीच राहिली. "म्हणजे कोणाचीच तक्रार नाही? मग आधी काय ते एकदा बघून घ्या."

सिरिलने चड्डी उलटी केली आणि कमरेच्या शिवणीला भिंग लावलं. शिक्का होता! फिकट निळा, पण स्पष्ट. त्याने दोनदा वाचला. मग तिसऱ्यांदा.

"काय हो?" मिसेस टॅप्सेलने विचारलं.

"मुकुट आहे," सिरिल खोल गेलेल्या आवाजात म्हणाला. "आपल्या हवाई मंत्रालयाचा. हे पॅराशूट आपलंच होतं."

राजाच्या मालमत्तेची चड्डी! कॉन्स्टेबल पेल कुंपणावरची वेल फार लक्ष देऊन पाहू लागला.

मिसेस टॅप्सेलने मात्र कपाळावर हात मारला. "अगंबाई, मग ही त्या दुसऱ्याची!"

"दुसऱ्याची म्हणजे?"

"त्या महिन्यात दोन वैमानिक पोरं उतरली ना आमच्या शेतात. एक त्यांचं, एक आपलं. आईने एकाचं शिवलं, एक माळ्यावर ठेवलं. कुठलं कुठलं ते इतक्या वर्षांत मी विसरले."

सिरिलने भिंग खाली केलं. "माळ्यावरचं... अख्खं आहे?"

"अख्खं होतं. दोऱ्यांसकट. एक टाका घातला नव्हता त्याला. केवढाले शिक्के, वर कसलासा गरुड!" मिसेस टॅप्सेल शेकोटीकडे पाहत म्हणाली. "ते मी सकाळी सगळ्यात आधी जाळलं. म्हटलं, मोठं आहे, तुम्हाला लगेच दिसेल."

सिरिल परसातल्या हातगाडीच्या कडेवर बसला. कॉन्स्टेबलने हेल्मेट काढून हातात घेतलं.

बाई चहा करून घेऊन आली. सिरिलच्या कपात तिने न विचारता तीन चमचे साखर घातली. मग खाली वाकून, कॉन्स्टेबलला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू आवाजात तिने विचारलं,

"तो तुरुंगाचा नियम... अजून आहे का हो?"

"नाही हो. कधीच गेला."

"अरेरे," मिसेस टॅप्सेल हळहळली. "मग फोनवर तसं सांगायचं नाही का?"