मासुंदा तलावातलं अध्यक्षस्थान

टेंभी नाक्याजवळच्या वाचनालयाचे चिटणीस परशुराम यांनी पाहुण्यांची ओळख म्हणून चार पानं लिहिली होती. मंदाकिनीबाई वेधशाळेतल्या पहिल्या बाई. रात्री बाईमाणसाने दुर्बिणीपाशी थांबायचं नाही, असा तिथे नियम. म्हणून बाईंनी सूर्य धरला आणि बारा वर्षं त्याचे डाग मोजले. निबंधांवर नावं मात्र साहेबांची छापून आली. हे ठाण्याला कळावं, एवढीच परशुरामांची इच्छा होती.

अध्यक्ष सहदेवरावांनी पानं चाळली. "दोन ओळी पुरेत हो. मुलगी कुणाची, दिली कुठे. मग माझं भाषण, पाऊण तास."

"त्यांचं लग्न झालेलं नाही."

"मग एकच ओळ."

व्याख्यान सूर्यग्रहणावर, म्हणून परशुरामांनी ते ग्रहणाच्याच वेळी ठेवलं. तेव्हा ठाण्यात घराबाहेर कुणी पाऊल टाकत नाही, हे इतकी पुस्तकं वाचलेल्या माणसाला सुचलं नाही. त्या दुपारी बायकोनेच, तुळसाने, हटकलं. "निघालात कुठे?"

"सभेला."

"ग्रहणात? येणार कोण तिथे?"

याचं उत्तर त्यांना वाचनालयात मिळालं. साठ रिकाम्या खुर्च्या, एक हार, आणि अंगणात काजळी धरलेल्या काचेतून वर पाहणाऱ्या बाई.

"माफ करा, कुणीच आलं नाही," परशुराम पुटपुटले.

"सूर्य आलाय ना. ग्रहण सुटलं की लोक जातात कुठे?"

"अंघोळीला. तलावावर."

"मग तिथेच जाऊ."

ग्रहण सुटलं तेव्हा मासुंदा तलावाच्या पायऱ्यांवर ठाणं लोटलं होतं. सहदेवराव कमरेइतक्या पाण्यात नाक धरून उभे होते, अंगावर एक विरलेला पंचा. त्यांचं कोरडं धोतर भिजू नये म्हणून परशुरामांनी उचलून काखेत घेतलं. मग त्यांच्या ध्यानात आलं, की अध्यक्षांना आता कुठेच जाता येणार नाही.

त्यांनी खिशातली पानं काढली. ते वाचू लागले, आणि आवाज पाण्यावरून लांब गेला. दुसऱ्या पानाला बायका पदर पिळायच्या थांबल्या. तिसऱ्याला त्यांच्यातली हौसाबाई म्हणाली, "म्हंजे भाकऱ्या हिनं थापल्या नि जेवला तो."

"अगदी तस्सं," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"परशुराम, धोतर," पाण्यातून कुजबुज आली. दात वाजत होते.

"देतो ना. चौथं पान राहिलंय. मग तुमचं भाषण, पाऊण तास."

सहदेवरावांनी पंचा घट्ट धरला. "मी एकच ओळ बोलतो," ते म्हणाले.