प्रयत्न अयशस्वी असणे अनिवार्य

श्री. भय्यासाहेब सप्रे, वय चौसष्ट, राहणार नानाखेडा, उज्जैन, यांना स्वतःचे मोजे स्वतः घालता येत नव्हते, एवढीच मूळ तक्रार होती. वजन एकशे बारा किलो. उजवा गुडघा पुरता झिजलेला आणि डावा त्याच वाटेने निघालेला. रोज सकाळी त्यांच्या पत्नी सुलूताई आपली दुखरी कंबर धरून खाली बसत आणि त्यांच्या पायांत मोजे चढवत. तेवढा वेळ भय्यासाहेब पंख्याकडे बघत असत. त्यांना मनापासून लाज वाटे.

डॉक्टर निहारिका यांनी उपाय सांगितला तो अगदी सरळ होता. गुडघा बदलायचा, पण पंचाण्णव किलोंच्या वरच्या माणसाचा गुडघा त्या बदलत नसत. तेव्हा आधी वजन उतरवायचं, आणि त्यासाठी आठवड्याला एक इंजेक्शन, साधारण वर्षभर. विमा कंपनी गुडघ्याचा खर्च द्यायला एका पायावर तयार होती. ज्या इंजेक्शनावाचून तो गुडघा होणारच नव्हता, त्याचा मात्र नाही. आणि पेन्शनीत ते इंजेक्शन बसत नव्हतं.

भय्यासाहेब घाबरले नाहीत. चौतीस वर्षं त्यांनी जिल्हा कोषालयात काढली होती. काठी टेकत समोर उभ्या राहिलेल्या पेन्शनराला ‘जिवंत असल्याचा दाखला आणा’ असं ते अत्यंत अदबीने सांगत, आणि दाखला नसेल तर त्या माणसाच्या श्वासोच्छ्वासाकडे दुर्लक्ष करत. कागदाला कागदाने उत्तर द्यावं म्हणजे न्याय मिळतो, अशी त्यांची श्रद्धा होती. ही श्रद्धा काउंटरच्या आतल्या बाजूला बसून कमावलेली आहे, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

सर्वमंगल आरोग्य विमा कंपनीच्या फ्रीगंजमधल्या कचेरीत अपूर्व नावाचे अधिकारी होते. त्यांनी संगणकात बराच वेळ पाहिलं.

“अंकल, ये तो ब्यूटी ट्रीटमेंट में जा रहा है,” ते म्हणाले. “दुबला होना मतलब सुंदर दिखना. सुंदरता कवर नहीं होती.”

“लेकिन मुझे सुंदर दिखना ही नहीं है.”

“तो लिख के दे दीजिए. घर के एक मेंबर की गवाही लगेगी.”

भय्यासाहेबांनी घरी येऊन स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘मी खाली सही करणार जाहीर करतो की, मला सुंदर दिसण्याची इच्छा नाही. उपचारादरम्यान अथवा उपचारानंतर मी तसा दिसू लागल्यास ती बाब अनवधानाने घडली असे समजावे.’ सुलूताईंनी साक्षीदार म्हणून भाजी निवडता निवडता सही ठोकली.

“अगं, वाचून तर घे.”

“त्यात वाचायचं काय? खरंच तर आहे.”

भय्यासाहेबांनी तो कागद दोनदा घडी घालून खिशात ठेवला. चाळीस वर्षांच्या संसारात इतक्या चटकन त्यांचं कुठलंच म्हणणं मान्य झालं नव्हतं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. सौंदर्याचा आक्षेप निकाली निघाला होता. आता कलम चौदा (ख): विमाधारकाने किमान एक वर्ष आहारनियंत्रणाचा प्रामाणिक प्रयत्न केलेला असावा, त्याची तारीखवार लेखी नोंद असावी, आणि सदर प्रयत्न अयशस्वी असणे अनिवार्य.

इथे भय्यासाहेब अडले. अपयश त्यांच्याकडे मुबलक होतं, प्रयत्न नव्हता. जन्मात त्यांनी पुढ्यातल्या ताटाला नाही म्हटलं नव्हतं. आजपासून वर्षभर प्रयत्न करावा, तर तो चुकून यशस्वी व्हायचा आणि कलमातून आपण बाहेर पडायचो, अशीही एक भीती त्यांनी बोलून दाखवली. त्यांना ओळखणाऱ्या कोणालाच ती भीती वाटली नाही.

“हे बघा, कागद नंतर करा,” सुलूताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “आज प्रदोष आहे. खिचडीवर दही घेणार की मिक्चर?”

“दोन्ही,” भय्यासाहेब म्हणाले, आणि एकदम थांबले. त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. प्रदोषाभोवती लाल पेन्सिलीचा गोल होता.

कपाटावरून उज्जैनच्याच भैरवगडी छापाच्या जुन्या चादरीत बांधलेलं एक गाठोडं खाली आलं. त्यात बावीस वर्षांची कॅलेंडरं होती. पहिल्या लाल गोलाची हकीकत सगळ्या गोताला पाठ होती. बावीस वर्षांपूर्वी सुलूताईंना कावीळ झाली, अठरा दिवस त्या इस्पितळात होत्या, आणि भय्यासाहेबांनी महाकालासमोर उभं राहून सोमवारांचा नवस बोलला. सुलूताई उठून घरी आल्या. ‘ह्यांच्या सोमवारांवर मी उभी आहे,’ असं त्या दर हळदीकुंकवात सांगत, आणि ऐकणाऱ्या बायका आपापल्या नवऱ्यांचा विचार करून उसासे टाकत. पुढे सोमवारांना एकादशी येऊन मिळाली, मग चतुर्थी, प्रदोष, दोन्ही नवरात्रं.

तीन दिवस मोजणी चालली. वर्षाला सरासरी एकशे अठरा उपवास निघाले. बावीस वर्षांत आपण दोन हजार पाचशे शहाण्णव दिवस उपाशी होतो, हे भय्यासाहेबांना प्रथमच कळलं, आणि स्वतःविषयी त्यांना फार कणव आली. त्या भरात त्यांनी खिचडी दोनदा मागून घेतली.

उपवासाच्या दिवशी सप्र्यांच्या घरी काय होई, हे इथे सांगणं भाग आहे. सकाळी साबुदाण्याची खिचडी, तिच्यावर उज्जैनच्या रिवाजाप्रमाणे मूठभर फराळी मिक्चर आणि लिंबू. दुपारी मोरधनाचा, म्हणजे वरईचा, भात, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याच्या पुऱ्या. चारला वडे, कारण पोटात काही नसतं. रात्री हलकं म्हणून रताळ्याचा शिरा. एकादशी, दुप्पट खाशी, ही म्हण अतिशयोक्तीची आहे असं भय्यासाहेब म्हणत. त्यांच्या हिशेबाने प्रमाण दीडपट होतं.

घरची पूजाअर्चा सांगणाऱ्या श्रीकांत गुरुजींनी आपल्या शिक्क्यानिशी दाखला दिला की, सदर गृहस्थ नेमाने उपवास करतात आणि त्याचा त्यांच्या शरीरावर काही परिणाम झाल्याचे आढळत नाही. कॅलेंडरांसह फाईल कंपनीच्या वैद्यकीय समितीकडे गेली.

समिती भारावून गेली. बावीस वर्षांची अखंड नोंद, आणि त्याच काळात वजन चौऱ्याहत्तरवरून एकशे बारा! इतका प्रदीर्घ, प्रामाणिक व निःसंशय अयशस्वी प्रयत्न कंपनीच्या पाहण्यात नव्हता. मंजुरीपूर्वी केवळ एक किरकोळ पूर्तता उरली होती. धार्मिक कृत्ये पॉलिसीत येत नसल्यामुळे, हे सर्व उपवास निव्वळ वजन कमी करण्याच्या हेतूने केले होते, ईश्वराचा त्यात कोणताही संबंध नव्हता, असं शपथपत्र हवं होतं.

भय्यासाहेबांनी ते पत्र वाचून दाखवलं. सुलूताईंनी गॅस बंद केला.

“म्हणजे माझ्यासाठी केलेले सोमवार पण वजनासाठी होते, असं लिहून द्यायचं?”

“तसा फक्त नमुना आहे गं.”

“नमुना तर नमुना. महाकालाला काय वाटेल? नाही मिळालं इंजेक्शन तर नाही मिळालं. देवासाठी केले असं साफ लिहून टाका. मी घालत जाईन मोजे. होतं काय मला?”

असं म्हणून त्या ओट्याला धरून सरळ झाल्या, आणि सरळ होताना तोंडातून निघालेला आवाज त्यांनी खोकल्यात लपवला. भय्यासाहेबांना तो ऐकू आला. चौतीस वर्षं कागदांवर सह्या करणाऱ्या त्या माणसाला पहिल्यांदाच सही करण्याआधी खरं काय ते आठवावंसं वाटलं.

“सुलू, वजनासाठी नव्हतेच ते.”

“मग तेच तर म्हणतेय मी.”

“देवासाठी पण नव्हते.” ते थांबले. “पहिला सोमवार तुझ्यासाठी होता. पाण्यावर केला, शपथेवर सांगतो. दुसऱ्या सोमवारी शेजारच्या माईंनी डबा पाठवला. खिचडी होती. गरम. वर मिक्चर.”

“आणि तिसरा?”

“तिसऱ्या सोमवारी मी सकाळपासून डब्याची वाट बघत होतो.”

सुलूताईंनी बंद असलेल्या गॅसची कळ पुन्हा एकदा पिळली.

“तेव्हा मी इस्पितळात होते,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“आणि मी बावीस वर्षं हळदीकुंकवात सांगत आले.”

“हो.”

“तरीच. मला नेहमी वाटायचं, उपाशी माणूस सोमवारी सकाळी इतका खूष कसा असतो.” त्यांनी डोळ्यांना पदर लावला, रडू होतं की हसू, ते भय्यासाहेबांना कळलं नाही आणि विचारायची छातीही झाली नाही. “आता लिहा तर खरंच लिहा. देवाला आणि मला फसवलंत तेवढं पुरे.”

प्रकाश वकिलांनी मजकूर वाचला आणि चष्मा काढला.

“भय्यासाहेब, हे शपथपत्र आहे. ह्यात इतकं खरं कोणी लिहीत नाही.”

“ठोका शिक्का.”

शपथपत्रात एकच वाक्य होतं: सदर उपवास देवासाठी नव्हते, वजनासाठीही नव्हते, ते खिचडीसाठी होते.

समितीचं उत्तर महिन्याने आलं. विमाधारकाच्या सचोटीची समितीने आदरपूर्वक नोंद घेतली होती. मात्र खिचडीची तीव्र इच्छा ही पॉलिसी घेण्याच्या सोळा वर्षे आधीपासून अस्तित्वात असल्याचे विमाधारकाने स्वतः शपथेवर मान्य केले आहे. सबब हा पूर्वीपासूनचा आजार ठरतो. प्रतीक्षा कालावधी अठ्ठेचाळीस महिने. दरम्यान इच्छा बळावल्यास कळवावे.

“अंकल, आपने सच क्यों लिखा?” अपूर्व फोनवर हळहळून म्हणाले. “सच के लिए हमारे यहाँ कोई कॉलम ही नहीं है.”

पुढच्या सोमवारी सुलूताईंनी साबुदाणा भिजत घातला नाही. सकाळी भय्यासाहेबांसमोर त्यांनी पाण्याचा तांब्या ठेवला.

“हा सोमवार माझा,” त्या म्हणाल्या. “बावीस वर्षांचा बाकी आहे.”

भय्यासाहेब मुकाट्याने पाणी प्यायले. अकराच्या सुमारास त्यांना पोटात काहीतरी विचित्र जाणवलं आणि आपल्याला काहीतरी मोठा आजार झाला असं वाटलं. डॉक्टर निहारिका यांनी फोनवर लक्षणं ऐकून घेतली आणि त्याला भूक म्हणतात असं सांगितलं. पुढे दर सोमवारी तांब्याच समोर येत राहिला, आणि चार महिन्यांत सहा किलो उतरले. याच गतीने गेल्यास कंपनीचा प्रतीक्षा कालावधी संपायच्या कितीतरी आधी गुडघा होईल, आणि मग कालावधी संपताच इंजेक्शन मंजूर करायला कंपनीची काही हरकत राहणार नाही.

कंपनीनेही या प्रकरणातून धडा घेतला. नूतनीकरणाच्या अर्जात आता नवा रकाना आहे: ‘आपण उपवास करता काय? असल्यास कशासाठी? (अ) देवासाठी (ब) वजनासाठी (क) पदार्थांसाठी. लागू नसेल ते खोडावे.’ मराठी पेन्शनरांच्या मंडळाने सगळ्यांचे अर्ज एकत्र भरायला आषाढी एकादशीचा दिवस ठरवला. बावन्न सभासद आले. श्रीकांत गुरुजींसह एक्कावन्न जणांनी (ब) आणि (क) वर न अडखळता रेघ मारली, पेनाला टोपण लावलं, आणि वडे गरम आहेत तोवर घ्या, असं आतून कोणी म्हटल्याबरोबर उठले. भय्यासाहेबांचा अर्ज तेवढा वेगळा निघाला: त्यावर (क) शाबूत होता. त्यांना मंडळाने समज दिली की घरची गोष्ट घरात राहिलेली बरी.

हा अर्ज आता सगळीकडे पाठवला जात आहे. तुमच्याही पत्त्यावर येईल. रेघ मारायची घाई करू नका; मागच्या एकादशीला तुमच्या ताटात काय काय होतं आणि कितीदा मागून घेतलंत, ते आधी आठवा.