बाळंतिणीचं मियोक आणि माझी बॅग

बॅग भरावी तर मीच. बुसानच्या बंदरात एकतीस वर्षं जहाजावर कंटेनर रचण्याचं काम केलंय, त्यामुळे रिकामी जागा मला बघवत नाही. बुटात मोजे, मोज्यांत औषधं, शर्टांच्या गुंडाळ्या. ओसाकाला मुलीच्या, हे-इनच्या बाळंतपणाला निघालो तेव्हा दोघांचं तीन आठवड्यांचं सामान मी एका हातबॅगेत बसवायचं ठरवलं. विमानात दहा किलो चालतं. माझी बॅग नऊ किलो नऊशे ग्रॅम भरली.

"माझा स्वेटर?" बायकोने विचारलं.

"तू अंगात घालणार आहेस."

"आणि दुसरा?"

"तोही."

ती सार्वजनिक न्हाणीघरात अंग शेकायला निघून गेली. ती गेली की दोन तास निश्चिंती.

तेवढ्यात कपाटावर ठेवलेलं मियोक दिसलं. तिच्या गिजांग गावच्या वहिनीने धाडलेलं हे वाळवलेलं समुद्रशेवाळ. आमच्याकडे बाळंतिणीला तीन आठवडे याचंच सूप देतात. हातभर लांब, फळीसारखं ताठ, गवताच्या दोरीने बांधलेलं. बॅगेत काही केल्या जाईना. मग मी डोकं लढवलं. गुडघ्यावर ठेवलं, कटकन तीन तुकडे केले आणि शर्टांच्या मधे सरकवून दिले. असे बसले की बघत राहावं. बॅगेच्या झाकणावर बसून कशीबशी चेन लावली.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. मी शेजारीच सफरचंद सोलत होतो.

"हो वहिनी, सरळच नेणार," बायको सांगत होती. "घडी घालायची नाही, मोडायचं नाही, माहितीये मला. माझ्या वेळी मावशीने दुमडून आणलं होतं ना, दोन दिवस अडले होते मी. हे-इनच्या नशिबी ते नको."

सुरी माझ्या हातातच राहिली. हे-इन जन्मली तेव्हा मी बंदरात होतो. मियोक दुमडायचं नसतं हे कानावर आलं असेलही, पण बायकांच्या गोष्टी म्हणून मी सोडून दिलं होतं. आता हे-इनला दिवस भरले होते आणि तिचं मियोक माझ्या शर्टांत तीन तुकडे होऊन पडलं होतं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण सफरचंद तसंच ठेवून मी बॅगेकडे गेलो.

तुकडे काढून टाकावेत म्हटलं, तर बॅग उघडल्यावर पुन्हा बंद करायला दोन माणसं लागली असती, आणि दुसरं माणूस ती होती.

सकाळी फिरायला जातो सांगून मी बाजार गाठला.

"कुणासाठी?" दुकानातल्या आजीबाईंनी विचारलं.

"मुलीसाठी. पहिलंच आहे."

त्यांनी सगळ्यात लांब मियोक काढलं. मी सवयीने भाव करायला तोंड उघडलं.

"बाळंतिणीच्या मियोकचा भाव करतोस? बापच ना तू?"

मी तोंड मिटलं, ते खांद्यावर टाकून घरी आलो आणि बायकोची नजर चुकवून वहिनीच्या मियोकच्या जागी कपाटावर ठेवलं.

"बॅगेत दुमडलं असतं," मी बायकोला म्हणालो, "म्हणून हातातच नेतो म्हटलं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अहो, तुमच्या लक्षात होतं?" डोळ्यांत पाणी आलं तिच्या. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, एवढं कौतुक कधी झालं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने मियोककडे बोट दाखवलं. "आजोबा, एकाच बॅगेला परवानगी आहे. हे बॅगेत घाला."

"दुमडता येत नाही. बाळंतिणीचं आहे."

"नियम आहे हो."

"अगं पोरी," मागून एक म्हातारी म्हणाली, "तुझ्या आईने दुमडलं असतं तर तू अजून आतच असतीस."

रांग हसली. दुसरीने आपल्या सुनेची हकिकत काढली, तिसरीने जावेची. मुलगी लाल झाली, मियोकला चिठ्ठी लावली आणि हळूच म्हणाली, "जा. वरच्या कप्प्यात आडवं ठेवा. कुणाला दुमडू देऊ नका."

बायको ताठ मानेने पुढे चालू लागली. सुरक्षा तपासणीत मियोक सुखरूप पार पडलं. बॅग मात्र थांबली.

"आत काहीतरी काळं, चपटं आहे. उघडा जरा," तपासनीस म्हणाला.

"कपडे आहेत," मी म्हणालो.

त्याने चेन ओढली. गुंडाळ्या बाहेर उसळल्या आणि तीन तुकडे टेबलावर पडले, एकावर गवताची दोरी तशीच. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, मग हातातल्या मियोककडे, मग माझ्याकडे.

"हे वहिनीचं?"

"बसत नव्हतं गं."

ओसाका येईपर्यंत ती हातातला रुमाल पिळत होती. मी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात हे-इनची क्षमा मागत होतो.

उतरल्यावर फोन सुरू केला आणि जावयाचा निरोप आला. मुलगी झाली. आम्ही विमानात असतानाच झाली. हे-इन तासाभरात सुटली, दोघी छान आहेत. मी तिथेच बॅगेवर बसलो आणि रडलो. बायकोही रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "सरळ मियोकचा गुण."

"म्हणजे मी आणलेल्याचाच," मी म्हणालो.

"आणि मोडलेलं बाळंतिणीला देणार नाही मी. वहिनीने प्रेमाने पाठवलंय, टाकायचंही नाही. तुम्ही खायचं."

वाळलेलं मियोक किती फुगतं याचा मला अंदाज नव्हता. पहिल्याच तुकड्याने मोठं पातेलं भरलं. सकाळी सूप, दुपारी सूप, रात्री सूप. टेबलाच्या एका टोकाला मुलगी, दुसऱ्या टोकाला मी.

हे-इन एकविसाव्या दिवशी बाळंतपणातून उठली. माझा अजून एक तुकडा शिल्लक आहे.