वीस किलो अस्सल खत

जानेवारीत हामहुंगमधली माणसं एक वेळ घराला कुलूप घालायला विसरतील, संडासाला घालायला विसरत नाहीत. बुन-ओकच्या संडासाला तर दोन कुलपं होती. कारण आत खताचं एक पोतं होतं आणि त्या पोत्यापायी तिचा राजधानी प्योंगयांगला जायचा परवाना अडकला होता.

नवं वर्ष उजाडलं की खताची मोहीम निघते. घरटी वजन ठरलेलं. माणसाचं, कुत्र्याचं, कुणाचंही चालतं. राखेत कालवायचं, थंडीत गोठवायचं, शेतसंघाच्या बैलगाडीवर नेऊन घालायचं आणि पावती घ्यायची. खताचा एवढा मोठा कारखाना या शहरात आहे की त्याच्या चिमण्या समुद्रातून दिसतात. तरी खत मागतात ते लोकांच्या पोटातलं. त्या पोटात मुळात काही गेलं होतं का, हे मात्र कुणी विचारत नाही.

पावती नसेल तर गल्लीप्रमुख सही करत नाही. तिची सही नसेल तर परवाना हातात पडत नाही. बुन-ओकची मुलगी सोल-मी प्योंगयांगला दिलेली. वीस दिवसांपूर्वी तिला मुलगी झाली होती आणि टपाल कचेरीतल्या फोनवर ती रडत म्हणाली होती, "आई, दूध उतरत नाही गं." बाळंतिणीला समुद्री शेवाळाचं कढण पाजायचं असतं आणि राजधानीच्या दुकानांत शेवाळ फक्त काचेमागे मांडलेलं असतं, विकायला नसतं. बुन-ओकने ओळखीपाळखीने शेवाळ आणि गोठवलेले मासे मिळून वीसेक किलोंचं एक पोतं जमवलं. शुक्रवारी गाडी होती. गुरुवारी गल्लीप्रमुख मेंगबाई वही घेऊन दारात उभी.

"कॉम्रेड बुन-ओक, तुमचं वीस किलो कमी आहे."

"घरात आम्ही दोन माणसं, बाई. दोघांनी किती करायचं?"

"मनापासून केलं तर होतं."

"मक्याची पेज पिऊन मनापासून होत नाही!"

मेंगबाईने ते ऐकलं नाही, असं वहीत बघून दाखवलं. "उद्या सकाळी नऊपर्यंत पावती आणा. परवाना माझ्या खिशात आहे."

वीस किलो संडासात तयार होतंच, फक्त नीट गोठायचं राहिलं होतं. पण घरात तोक-सू होता. तोक-सू म्हणजे बुन-ओकचा नवरा, रेल्वेतला निवृत्त सांधेवाला. जन्मभर गाड्या या रुळावरून त्या रुळावर घातलेल्या, त्यामुळे कुठलीही वस्तू जागच्या जागी राहिलेली त्याला बघवत नसे.

"शेजारच्यांच्या संडासाचं कुलूप तोडलं काल," तो दुपारी म्हणाला. "जानेवारीत चोर कुठे शिरतो? संडासात. म्हणून मी खताचं पोतं कोठीत ठेवलंय."

"आणि मासे?"

"संडासात. तिथे मासे शोधायला कोण येतंय?"

त्याच्याशी वाद घालायचा म्हणजे अर्धा दिवस जातो. तो पेंगायला लागल्यावर बुन-ओक उठली. लेकीचं कढण संडासात! तिने मुकाट्याने दोन्ही पोती पुन्हा आपापल्या जागी नेऊन ठेवली आणि हात धुऊन भाताच्या वड्या थापायला बसली. त्याला सांगायचं राहून गेलं. खरं तर राहून गेलं नाही. सांगितलं असतं तर त्याने पुन्हा बदलली असती.

पोती दिसायला एकसारखी. परदेशातून मदत म्हणून आलेल्या तांदळाची, पांढरी, निळ्या अक्षरांची. तो तांदूळ कुणाच्या घशात गेला ते सगळ्यांना ठाऊक आहे. पोती मात्र देशभर इमानदारीत वाटली गेली.

सकाळी आठ वाजता तोक-सूने कोठीतलं पोतं घसरगाडीवर टाकलं आणि चौकात नेलं. उणे वीसची थंडी. शेतसंघाच्या गाडीवानाने पोतं काट्याला लटकवलं, बुटाने ठोकून पाहिलं. टण्ण आवाज आला.

"चांगलं गोठलंय," गाडीवान म्हणाला. "नाव?"

पावती घेऊन तोक-सू धावत घरी आला, संडासाची दोन कुलपं उघडली, आतलं पोतं बायकोच्या पाठीवरच्या गाठोड्यात करकचून बांधलं. तोवर मेंगबाईने पावती वाचून परवाना काढून दिला.

"मासे घेतलेत ना?" बुन-ओकने विचारलं.

"घेतले."

"कुठून घेतलेत?"

"ठेवले होते तिथून! चल, गाडी निघेल."

गाडी अर्थातच निघाली नाही. वीज गेल्यामुळे ती आधी स्टेशनात सहा तास आणि मग कोवोनच्या पुढे डोंगरात दीड दिवस उभी राहिली. डब्यात माणसं एकमेकांच्या श्वासावर ऊब घेत होती. बुन-ओकच्या शेजारी वॉनसानची एक बाई वाळवलेल्या माकूळ माशांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"तुमच्या गाठोड्यातून कसला वास येतोय हो?"

"मासे आहेत."

"बऱ्याच दिवसांचे दिसतात."

राजधानीची हद्द आली तसा तपासनीस डब्यात चढला. या देशात पत्र उघडलं जातं, डबा उघडला जातो, माणसाचं तोंडही उघडून बघतात. तपासनीस प्रत्येक पिशवीत हात घाली आणि हात बाहेर आला की पिशवी थोडी हलकी झालेली असे. वॉनसानच्या बाईचे चार माकूळ 'तपासले' गेले. मग तो बुन-ओकपुढे आला.

"पोत्यात काय आहे, आजी?"

"मासे, साहेब. बाळंतिणीसाठी."

मासे म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. त्याने गाठ सोडली आणि सराईत हात कोपरापर्यंत आत घातला. डब्यातल्या उबेने पोतं वरून चांगलं मऊ झालं होतं.

तपासनिसाने हात बाहेर काढला आणि तो अंगापासून शक्य तितका लांब धरला.

"म्हातारे! हे मासे?"

बुन-ओकने वाकून पाहिलं. त्या क्षणी तिला कोठी दिसली, संडास दिसला, मधोमध उभा असलेला तोक-सू दिसला. मासे गेले. शेवाळ गेलं. लेकीचं दूध गेलं. रडायला मात्र वेळ नव्हता.

"खत आहे, साहेब," ती ताठ उठून म्हणाली. "मोहीम चालू आहे ना? राजधानीला हामहुंगची भेट."

"मग मासे कशाला म्हणालीस?"

"स्वतःच्या तोंडाने स्वतःची बढाई कशी मारायची?"

"जप्त करा की, साहेब," वॉनसानची बाई अगदी गरीब आवाजात म्हणाली. "वीसच किलो आहे. उचलाल तुम्ही."

तपासनिसाने आधी पोत्याकडे पाहिलं, मग हाताकडे. जप्त करायचं तर पंचनामा, वजन, वाहतूक. सोडून द्यायचं तर सही. त्याने डाव्या हाताने सही केली आणि पाणी शोधत पळाला. पाणी गाडीत नव्हतंच. उरलेल्या अर्ध्या डब्याच्या पिशव्या तशाच राहिल्या. लोक खिडकीकडे तोंड करून हसले, कारण हसण्यालाही कारण विचारतात. वॉनसानच्या बाईने दोन माकूळ काढून बुन-ओकच्या हातावर ठेवले.

"घ्या. वास येतोय म्हणाले, माफ करा. असा वास दर डब्यात हवा."

प्योंगयांगला उतरल्यावर बुन-ओकने ते पोतं टाकून द्यायचं ठरवलं. पण टाकणार कुठे? रस्ते आरशासारखे, कोपऱ्या-कोपऱ्यावर झाडूवाली, झाडूवालीवर मुकादम. दोनदा तिने पोतं टेकवलं आणि दोनदा शिटी वाजली. शेवटी वीस किलो घाण पाठीवर घेऊन ती लेकीच्या इमारतीपाशी पोचली. घर एकोणिसाव्या मजल्यावर. लिफ्ट बंद.

सोल-मीने दार उघडलं, पाठीवरचं गाठोडं पाहिलं आणि तिला रडूच आलं. "आई! केवढे मासे आणलेस!"

बुन-ओक जी मटकन बसली ती उठेना. धापा टाकत तिने सगळं सांगितलं आणि म्हणाली, "तुझ्या बापाचं डोकं या पोत्यात भरायला हवं होतं. मी रिकाम्या हाताने आले गं, पोरी."

सोल-मीने आईला पाणी दिलं आणि खाली मान घालून म्हणाली, "आई, तुला राहताही येणार नाही. प्योबाई सही द्यायला तयार नाही. उद्याच्या गाडीने तुला परत पाठव म्हणतेय."

प्योबाई म्हणजे त्या इमारतीची प्रमुख. पाहुणा रात्रभर राहायचा तर तिच्या रजिस्टरात नोंद लागते.

"का? मी काय केलं?"

"तू नाही, आम्ही. आमचं खत भरलेलं नाही. इथल्या संडासातून सगळं नळाने वाहून जातं, आई. बादलीने का होईना, पाणी ओतावंच लागतं. एकोणिसाव्या मजल्यावर खत साठवायचं कुठे?"

तेवढ्यात जावई ह्योक आतल्या खोलीतून तान्ही खांद्यावर घेऊन बाहेर आला. त्याने आतून सगळं ऐकलं होतं.

"सासूबाई," तो हळूच म्हणाला, "किती किलो म्हणालात?"

"वीस."

"राख कालवलेलं?"

"आमच्याकडे बिनराखेचं घेत नाहीत."

ह्योकने पोरगी बायकोकडे दिली आणि पोत्याला मिठी मारली. लग्नात त्याने सासूला एवढा खोल नमस्कार केला नव्हता.

प्योबाई आली. चष्मा वर करून तिने पोत्याचं तोंड उघडलं आणि तज्ज्ञासारखा वास घेतला.

"प्रांतातलं आहे," ती म्हणाली. "इथे असं मिळत नाही. इथे लोक माती काळी करून आणतात, बेशरम." मग दार लोटून आवाज खाली आणला. "माझ्याही घरचं आठ किलो कमी आहे हो. बारा तुमच्या नावावर, आठ माझ्या?"

"आणि सासूबाईंची नोंद?" ह्योकने विचारलं.

"तीस दिवस. तीस दिवसांत आणखी काय होईल ते तुमचंच."

जाताना ती उंबऱ्यावर थबकली. तान्ही रडत होती, रडण्यात जोर नव्हता. प्योबाई खाली गेली आणि पाचव्या मजल्यावरच्या स्वतःच्या घरातून शेवाळाची जुडी आणि चार अंडी घेऊन परत चौदा मजले चढून आली. त्याच संध्याकाळी कढण उकळलं, त्यात वॉनसानचे दोन माकूळ पडले. चौथ्या दिवशी दूध उतरलं. पाचव्या दिवशी तान्ही अशी ओरडली की भिंतीपलीकडच्यांनी तक्रार केली. बुन-ओकने ती तक्रार मोठ्या अभिमानाने ऐकून घेतली.

महिन्याने ती हामहुंगला परतली. सगळी हकीकत ऐकून तोक-सू पांढरा पडला.

"म्हणजे मी गाडीवर मासे घातले? आणि पावतीवर माझं नाव! मोहिमेची फसवणूक म्हणतील याला."

"पुन्हा कधी काही हलवाल?"

"बशीसुद्धा नाही."

तेवढ्यात दाराशी बैलगाडी थांबली. तोच गाडीवान. त्याच्या मागोमाग मेंगबाई, वही घेऊन.

"तोक-सूचं घर हेच ना?" गाडीवान गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडला. "खत नापास! पोतं परत!" पोतं उतरवताना त्याने तोंड तोक-सूच्या कानाशी नेलं. "आमच्या गावातल्या तीन बाळंतिणी कढण प्यायल्या. लहान पोरांनी मासे खाल्ले. यात बटाटे आहेत. वर वीतभर खरं घातलंय, वास यायला हवा ना."

"नापास?" मेंगबाई पुढे आली. "उघडा बघू."

तोक-सू दाराआड सरकला. बुन-ओक मात्र हसतमुखाने पुढे झाली आणि गाठ सोडायला लागली. "या ना, बाई. हात घालून बघा. डब्यातल्या साहेबांनी कोपरापर्यंत घातला होता."

वास दरवळला. मेंगबाई दोन पावलं मागे सरली. "राहू दे, राहू दे!" पण ती लगेच गेली नाही. तिने गाडीवानाकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं. पोत्याच्या बुडाशी, शिवणीतून, बटाट्याचा एक कोंब डोकावत होता. मेंगबाईने वही मिटली आणि निघून गेली.

नवरा-बायकोने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बटाट्यांना हात लावला नाही. मग दार वाजलं. मेंगबाई. हातात एक कागद, पाठीवर एक पोतं.

"तुमचं नापास खत मी वहीत पास केलंय," ती म्हणाली. "आणि हा तुमचा प्योंगयांगचा नवा अर्ज. सही केली आहे."

"आम्ही अर्ज केलाच नाही, बाई."

"मग करा." तिने पोतं खाली ठेवलं. "माझा धाकटा तिथे बांधकामाच्या तुकडीत आहे. सहा वर्षं झाली. मी तीन अर्ज केले, तिन्ही नामंजूर. गल्लीप्रमुखाने गल्ली सोडायची नाही म्हणतात. त्याला एवढं पोचवाल?"

"काय आहे यात?" बुन-ओकने विचारलं.

"खत."

बुन-ओकने हात लावून पाहिला. पोतं कोमट होतं.

"आज सकाळीच भाताच्या वड्या वाफवल्यात," मेंगबाई म्हणाली. "आत लाल घेवडा आहे. त्याला फार आवडतात."

तोक-सू लगबगीने उठला. "मग वर वीतभर खरं घालायला हवं. थांबा, संडासातून आणतो."

"तुम्ही," बुन-ओक म्हणाली, "हात लावायचा नाही. मी घालते."