टिपणीसांना स्कोअर सांगू नका

ऑगस्टच्या शनिवारी सकाळी आमच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये टिपणीस काका शिरले की दोन्ही कानांवर हात ठेवतात आणि आतल्या सगळ्यांना बजावतात, "प्लीज, नो स्कोअर! स्कोअर कोणी सांगायचा नाही!"

आत असतं कोण? ड्यूटीवरून परतलेली एक फिलिपिनो नर्स, कुत्र्याला फिरवून आणलेला एक इजिप्शियन डेंटिस्ट, आणि मी. आखातातल्या अल रीम आयलंडवरच्या या अख्ख्या टॉवरमध्ये अमेरिकन फुटबॉल नावाचा प्रकार अस्तित्वात आहे हे काकांखेरीज कोणाच्या गावीही नाही. स्कोअर सांगायचाच म्हटलं तरी कोणाला सांगता येणार नाही. पण काकांना धोका पत्करायचा नसतो. खालचा मल्याळी वॉचमन शाजी एकदा भोळेपणानं "सर, इंडिया ऑल आउट" म्हणाला, तर काका "खलास! सगळं खलास!" असं ओरडत पाव न घेताच मागं फिरले. क्रिकेटचं होतं हे कळल्यावर शांत झाले. "क्रिकेटचं सांग रे खुशाल," ते शाजीला म्हणाले. "त्याला कोण विचारतंय!"

त्याचं असं आहे. तिकडे अमेरिकेत शुक्रवारी संध्याकाळी मॅच होते तेव्हा आपल्याकडे शनिवारची पहाट असते. पहाटे उठून बघायला काकूंची बंदी आहे, कारण एकदा काकांनी अशा वेळी "टचडाउन!" अशी आरोळी ठोकली आणि वरच्या लेबनीज कुटुंबानं सिक्युरिटीला बोलावलं. तेव्हापासून काका मॅच रेकॉर्ड करतात आणि सकाळी आठ वाजता बघतात. तोपर्यंत ते सोवळ्यात असतात. फोन कपाटात, लॅपटॉप बंद, बातम्या वर्ज्य.

आणि आठच्या ठोक्याला मी त्यांच्या सोफ्यावर असतो. फुटबॉलसाठी नव्हे. मी पुण्याचा केळकर, बायको नेहा कट्टर शाकाहारी, आमच्या घरात सोडे हा शब्दसुद्धा उच्चारायचा नाही. समोरच्या दारात टिपणीस काकू दर शनिवारी सोडे घालून पोहे करतात. त्या वासापुढे माझा कणा मोडतो. एक बशी पोह्यांसाठी मी दोन तास एकमेकांच्या अंगावर पडणारी माणसं बघत बसतो, आणि वर "अरेरे, काय हे टॅकल" असंही म्हणतो.

काका अंगानं काटकुळे. त्यांच्या टीमची जर्सी फक्त मोठ्या मापात मिळाली, त्यामुळे ती त्यांच्या अंगावर अभ्र्यासारखी लोंबते. टीमचं नाव मी सांगत नाही. चुकीचा उच्चार केला तर काका पोह्यांची बशी मागं घेतात. तीस-एक वर्षं आखातात एअर कंडिशनिंगची कामं केलेला हा माणूस, त्यामुळे खेळ समजावून सांगताना भाषा सगळी साइटवरची.

"हे बघ केळकर, चार चान्स, दहा यार्ड. शारजाहून दुबईला संध्याकाळी निघालास तर कसं, जरा पुढं सरकायचं, मग थांबायचं, मग सगळे खाली उतरून भांडणार. तसंच. क्वार्टरबॅक म्हणजे फोरमन. तो सांगेल कोणी कुठं पळायचं ते. आणि हे रूकी, नवे पोरगे, हे आपले व्हिजिट व्हिसावाले."

"म्हणजे?"

"म्हणजे ऑगस्टमध्ये घेऊन येतात भरपूर. तीन सराव सामन्यांत बघतात. जो बरा निघाला त्याला एम्प्लॉयमेंट व्हिसा. बाकीच्यांना यल्ला, बाय-बाय. लिहून ठेव."

"लिहून ठेव" हे त्यांचं पालुपद. मी आजवर काही लिहून ठेवलेलं नाही आणि त्यांनी कधी तपासलेलंही नाही.

गेली दोन वर्षं या घरात एकच वाद पेटलेला आहे: म्हातारा फोरमन ठेवायचा की नव्या शेंडीवाल्या रूकीला त्याच्या जागी आणायचं. शेंडीवाला हे काकांनी ठेवलेलं नाव, कारण हेल्मेटखालून त्याची वेणी बाहेर येते. दोन वर्षं झाली तरी या घरात तो अजून रूकीच. काका फोरमनच्या बाजूचे. त्याचा खांदा दुखतो, गुडघा दुखतो, तरी काका म्हणतात, "अनुभव आहे हबीबी! त्या शेंडीवाल्याला काय, बॉल हातात आला की पाठीला पाय लावून पळत सुटतो. साइट अशी चालते का?" मग ते रागानं माझ्याकडे बघतात, जणू शेंडीवाल्याला मीच नोकरीवर घेतलंय.

मला एक कोडं मात्र उलगडत नव्हतं. या सराव सामन्यांना काही किंमत नसते. त्यांचे गुण धरत नाहीत, मोठे खेळाडू पाच मिनिटं खेळून बाकावर बसतात. खुद्द अमेरिकेतले लोक त्यांच्याकडे नाक मुरडतात म्हणे. आणि काका मात्र फायनलमध्ये ओतत नाहीत इतका जीव या फुटकळ मॅचेसमध्ये ओततात. जुलैच्या मध्यापासून त्यांचा चेहरा उजळायला लागतो. पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी तर दाढी दोनदा करतात.

एकदा स्वयंपाकघरात पोह्यांची दुसरी बशी भरून घेताना मी काकूंना विचारलंच. काकूंनी गॅस बारीक केला.

"निनादशी बोलता येतं ना मग," त्या म्हणाल्या.

निनाद म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. वाढला इथं, शिकायला अमेरिकेत गेला, तिथंच नोकरीला लागला. "तो लहान होता तेव्हा हे सगळा आठवडा लांब रुवैसच्या साइटवर. गुरुवारी रात्री यायचे तेव्हा तो झोपलेला. शुक्रवारी हे झोपलेले. पुढं हे मराठीत विचारायचे, तो इंग्लिशमधे एका शब्दात उत्तर द्यायचा. फाइन. ओके. नथिंग. तिकडे गेल्यावर एकदा म्हणाला, बाबा, मी मॅचला गेलो होतो. ते ऐकलं मात्र, ह्यांनी टीव्हीचं ते महागडं पॅकेज घेतलं. मी म्हटलं अहो, रुपयांत किती होतात बघा तरी. तर म्हणाले, रुपयांत मोजायचंच नाही."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मॅच संपली की काका कपाटातून फोन काढतात आणि निनादला व्हिडिओ कॉल लावतात. बापलेक अर्धा-पाऊण तास भांडतात. निनाद शेंडीवाल्याच्या बाजूचा. "बाबा, द ऑफेन्सिव्ह लाइन लॅक्ड डिसिप्लिन," असली गोळीबंद वाक्यं टाकतो, आणि काका फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळतात, "बघ, बघ कसा बोलतो! एक्स्पर्ट!" सीझन फेब्रुवारीत संपतो. तिथून ऑगस्टपर्यंत "जेवलास का", "हो", "बरं". या फुटकळ मॅचेस म्हणजे सहा महिन्यांचा उपास सुटण्याचा दिवस.

यंदा ऑगस्टमध्ये निनाद स्वतःच येणार असल्याचं कळलं आणि काकांचं धाबं दणाणलं. मला वाटलं आनंद झालाय. तर माणूस माझ्या दारात, घामाघूम.

"केळकर, दहा दिवस येतोय. मॅच फक्त दोन आहेत त्यात."

"बरं मग?"

"मग बाकीचे दिवस काय बोलू?"

मला हसू आलं, पण काका हसत नव्हते. माणूस खरंच घाबरला होता. शेवटी ठरलं असं की मी निनाद व्हायचं आणि काकांनी सराव करायचा. रोज संध्याकाळी पार्किंगच्या छतावरच्या पूलशेजारी, त्या भट्टीत, मी शेंडीवाल्याची वकिली करायचो आणि काका मुद्दे खोडून काढायचे. "असं नाही केळकर, निनाद इंग्लिशमधे बोलतो, तू इंग्लिशमधे बोल." मी इंग्लिशमधे बोलायचो. पूलमधली पोरं आमच्याकडे बघायची. त्यात आमची तेरा वर्षांची ईराही असायची, कानात कायम कोरियन गाणाऱ्यांची गाणी. "सो एम्बॅरसिंग, बाबा," इतकं बोलून ती पाण्याखाली गेली. आठवड्यातलं तिचं माझ्याशी सर्वांत लांब वाक्य.

निनाद आला. उंच, शांत, बापासारखाच काटकुळा. पहिले तीन दिवस त्या घरातून ताटवाट्यांखेरीज आवाज आला नाही. मग उगवला शनिवार.

काकूंना ऐन वेळी कोथिंबीर कमी पडली. त्यांनी निनादला आणि मला खालच्या सुपरमार्केटमध्ये पिटाळलं. मी कोथिंबिरीची जुडी निवडतोय तर हा दुधाच्या फ्रिजसमोर उभा राहून फोनमध्ये भराभर काहीतरी वाचतोय. मी मान लांब करून बघितलं. मॅचचा अहवाल! स्कोअरसकट!

"अरे पाप्या!" माझ्या तोंडून निघून गेलं. "आठ वाजायचेत अजून!"

"अंकल, प्लीज, बाबांना सांगू नका," तो कुजबुजला. "मी हे बघतच नाही. आय हेट इट, ऑनेस्टली. एकदाच गेलो होतो, ऑफिसचं फ्री तिकीट होतं, इतकी थंडी होती की अर्ध्यातून पळालो. पण बाबांना इतकं आवडतं ना! कॉलच्या आधी वाचून ठेवतो, मग बोलता येतं. अदरवाइज वी हॅव नथिंग." मग जरा थांबून म्हणाला, "तो रूकी ठीक आहे ना? मी त्याला सपोर्ट करतो, म्हणजे भांडण टिकतं."

मी कोथिंबीर हातात धरून उभा. एक माणूस मुलाला आवडतं म्हणून खेळ शिकला. दुसरा बापाला आवडतं म्हणून अहवाल पाठ करतो. आणि दोघांच्या मधे बसून सोडे खाणारा मी. हसावं की काय करावं कळेना.

आठ वाजता मॅच लागली. फोरमन पाच मिनिटं खेळला आणि बाकावर गेला. काकांनी सुस्कारा टाकला. शेंडीवाला आला. बापलेकांची जुंपली. फोनवर जुंपते तशीच, फक्त आता दोघांच्या मधे पोह्यांचं पातेलं. निनाद अहवालातली वाक्यं एकेक करून टाकत होता. काका पूलशेजारी घोटलेले मुद्दे टाकत होते. भांडता भांडता निनाद नकळत मराठीत घसरला. "अहो बाबा, तुमचा फोरमन उठून उभा राहायलाच अर्धा तास घेतो!" काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

आणि तिथंच घात झाला. शेंडीवाल्यानं हात मागं नेला, बॉल अजून सुटायचा होता, आणि निनाद रंगात येऊन म्हणाला, "गेला हा! समोरचा पकडणार बघा आता!"

बॉल सुटला. समोरच्यानं पकडला.

मी बशी खाली ठेवली. जो माणूस क्रिकेटचा स्कोअर ऐकूनही पाव न घेता पळाला, त्याच्या घरात, त्याच्या सोफ्यावर, त्याच्या मुलानं सोवळं मोडलं होतं. निनादचे कान लाल झाले.

काका सावकाश माझ्याकडे वळले. "बघितलंस केळकर? नजर! पोराला खेळाची नजर आहे. लिहून ठेव."

मी मनात म्हटलं, भाबडा आहे बिचारा म्हातारा. सुटलो.

मॅच संपल्यावर काका कचऱ्याची पिशवी घेऊन मजल्यावरच्या, कचरा खाली सोडायच्या शूटच्या खोलीकडे निघाले. मला डोळ्यानं खूण केली. आत गेल्यावर त्यांनी दार ओढून घेतलं.

"आधी वाचलं होतं त्यानं," ते म्हणाले.

मी शक्य तितका निष्पाप चेहरा केला.

"अरे, मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. फोनवर जी वाक्यं टाकतो ती मी त्याच वेबसाइटवर नंतर वाचतो. शब्दन् शब्द."

"मग तुम्ही... तुम्हाला तरी हा खेळ आवडतो का काका?"

त्यांनी पिशवीची गाठ उगाच पुन्हा बांधली. "पहिली दोन वर्षं अजिबात नाही. आता फोरमनचं जरा वाटतं." मग म्हणाले, "मी फोन करतो तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते. शुक्रवार रात्र, त्याच्या वयाची पोरं कुठं कुठं जातात. हा जागा राहून न आवडणारं वाचत बसतो. का, तर बापाला बोलायला काही असावं. एवढं कोण करतं रे कोणासाठी?"

त्या कुबट वासात ते जर्सीच्या बाहीला डोळे पुसत उभे होते आणि मला माझेही डोळे सांभाळता येईनात.

"त्याला सांगू नकोस मला माहीत आहे ते," ते म्हणाले. "कळलं तर सोडून देईल. मग दुसरा विषय कुठून आणू मी या वयात?"

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "बाबा! कुठं गेलात? तो रूकी तुमच्या फोरमनपेक्षा शंभर पटीनं बरा आहे, या, मी प्रूव्ह करतो!"

पिशवी शूटमध्ये धडधडत खाली गेली. काकांनी नाक ओढलं, जर्सी खाली खेचली आणि दार उघडून गरजले, "तुला काय कळतंय रे क्वार्टरबॅकमधलं!"

मी घरी आलो. नेहानं लांबूनच वास ओळखला आणि तोंड धुऊन यायला सांगितलं. ते झाल्यावर मी ईराच्या खोलीत गेलो आणि तिच्या पलंगाच्या कडेला बसलो. तिनं एका कानातला इअरफोन काढला.

"व्हॉट?"

"काही नाही. ते तुझे कोरियन गाणारे आहेत ना," मी म्हटलं. "त्यांच्यातला फोरमन कोण?"

तिनं माझ्याकडे संशयानं बघितलं. "व्हाय?"

"असंच. सांग तर, लिहून घेतो."

तिनं दुसऱ्या कानातलाही काढला आणि मला नीट बसायला जागा करून दिली.