तीनशे मिलिलिटरची अट

रुग्ण कधीही खोटं बोलत नाही; तो फक्त आकडे सौम्य करून सांगतो. या सत्याचा पूर्ण आदर राखून आमच्या किरणोपचार विभागाने एक अल्ट्रासाउंड यंत्र घेतलं आहे.

प्रोस्टेटच्या कॅन्सरवर किरण सोडताना मूत्राशय भरलेलं लागतं. भरलेलं मूत्राशय आतड्याला किरणांच्या वाटेतून वर सारतं. म्हणून रुग्णाने तासभर आधी तीन पेले पाणी प्यावं, मध्ये कुठेही जाऊ नये आणि बाकावर शांत बसावं, असा नियम आहे. (पहिल्या दोन अटी पाळणाऱ्याला तिसरी पाळता येत नाही, हे समितीला कळवलेलं आहे.) मग पोटावर गार जेल लावून यंत्राने बघायचं. तीनशे मिलिलिटर असेल तर आत, नाहीतर परत बाकावर.

भूमापन खात्यातल्या निवृत्त मोजणीदार काकांचे पहिले अकरा दिवस बिनबोभाट पार पडले. बाराव्या दिवशी यंत्राने एकशे दहा दाखवले, तेराव्या दिवशी नव्वद. दोन्ही दिवस काका ठामपणे म्हणाले, "तीन पेले प्यायलोय." दोन्ही दिवशी उपचार झाले नाहीत. आणखी खंड पडलेला चालणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

चौदाव्या दिवशी बाकाशेजारच्या कुंडीखालची ताटली भरून वाहत होती. (मी मोजलं: दोनशे वीस मिलिलिटर. झाडाची तब्येत उत्तम.)

तंत्रज्ञ ताईंनी विचारलं, "काका, पाणी तुम्ही प्यायलात की या झाडानं?"

सोबत आलेल्या काकू म्हणाल्या, "घरी पण हेच हो. गोळी घेतली का विचारलं, की म्हणे, कधीच घेतली."

"तू थांब जरा." काकांनी आवाज खाली आणला. "अकराव्या दिवशी मी टेबलावर असताना तुमचं किरणांचं मशीन पाच मिनिटं अडलं. थोडक्यात वाचलो. तुम्ही माझ्या मुलीच्या वयाच्या. तुमच्यासमोर झालं असतं म्हणजे?"

"झालं असतं तर चादर बदलली असती. दोन मिनिटांचं काम. आतडं नाही बदलता येत, काका."

"आणि मग चारचौघांत..."

"आठवड्याला तीन चादरी जातात. कुणाची कुठली, ते लक्षात ठेवायला वेळ आहे कुणाला?"

आठवड्याला तीन, हे ऐकून काकांचा चेहरा खुलला. आपण सरासरीत बसतो, याचा मोजणीदाराला जो आनंद होतो, तो इतरांना कळणार नाही. त्यांनी काकूंच्या देखरेखीखाली तीन पेले रिचवले. तासाभराने यंत्राने तीनशे चाळीस दाखवले. काकांनी पडद्यावरच्या हद्दी स्वतः तपासल्या, मोजणी मान्य केली आणि आत गेले. नऊ मिनिटांत उपचार झाले, चादर कोरडी राहिली. तिथून स्वच्छतागृहापर्यंतचा त्यांचा वेग मात्र नोंदवायचा राहून गेला.

या यंत्राची उणीव एवढीच, की ते फक्त पोटावर चालतं. "रोज किती चालता?" या प्रश्नाच्या उत्तरावर टेकवता येईल असं यंत्र अजून निघालेलं नाही. तेव्हा तूर्तास तुम्ही डॉक्टरांना "पाऊण तास" असंच सांगत राहावं. आम्ही दहा मिनिटं लिहून घेतो.