सायाळीची ओ

एका जंगलात, बाळांनो, सगळं काही होतं. वाघ होता. वाघाचा दरबार होता. दरबारात पेंगणारे होते. आणि जिथे सगळं काही असतं, तिथे एक अभिरुची मंडळही असतं. कशाला मान डोलवायची आणि कशाला नाक मुरडायचं, ते हे मंडळ ठरवायचं. ज्यांना नाक नव्हतं त्यांनी चोच मुरडली तरी चालायचं.

त्याच जंगलात रेशीम नावाची एक सायाळीची पोर राहायची.

अंगभर काटे आणि नाव रेशीम? हसू नका. सायाळीचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे काटे मऊ असतात. आईने हौसेने नाव ठेवलं. पुढे काटे कडक झाले. नाव तेवढं मऊ राहिलं.

काटे कडक व्हायचं वय फार वाईट. कालपर्यंत पोटाशी घेऊन झोपवणारी आई एकाएकी म्हणू लागते, "जरा लांब हो गं, टोचतेस." बाबा म्हणू लागतात, "हळू चाल. केवढा आवाज करतेस!" शेजारपाजारचे म्हणू लागतात, "पोर फारच वाढली हो." रेशीमला वाटायचं, आपण या जंगलात जरा जास्तच झालो आहोत. थोडं कमी कसं व्हायचं, ते मात्र कुणी सांगत नव्हतं.

एका संध्याकाळी ती करवंदाच्या जाळीत रडत बसली होती. का रडत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं. त्या वयात रडायला कारण लागत नाही. जाळी लागते.

तेवढ्यात पलीकडच्या जांभळीवरून गाणं आलं.

"जाळीतल्या जाळीत कोण गं रडतं?
ओ दे गं, ओ दे गं, मला ऐकू येतं!"

आणि लगेच कितीतरी बारीक आवाज एकदम ओरडले, "ओ!"

रेशीम दचकली. तिचे काटे आपोआप थरथरले. सळ्‌ सळ्‌ सळ्‌. गाण्याच्या ठेक्यात. तिने डोळे पुसले आणि जाळीतून डोकं बाहेर काढलं.

जांभळीवर मोहर नावाचा बुलबुल गात होता. पोरगेलाच होता. डोक्यावरचा तुरा त्याने असा काही वळवला होता, की तो मुद्दाम वळवलाय हे लांबूनही कळावं. खाली जंगलातल्या झाडून सगळ्या पोरी जमल्या होत्या. सशांच्या होत्या, मुंगसांच्या होत्या, रानमांजरीचीही एक होती. कुणी रडत होती, कुणी हसत होती, काहीजणी दोन्ही एकदम करत होत्या.

"ए, ये ना इकडे!" भेकराची एक पोर म्हणाली. तिचं नाव पालवी.

"मी टोचते," रेशीम म्हणाली.

"मग थोडं अंतर ठेवून बस. पण बस. तुझी ती सळसळ किती छान वाटते!"

रेशीमच्या आवाजाला कुणी छान म्हणायची ही पहिलीच वेळ होती. ती बसली. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा गेली. मग रोजच जाऊ लागली. पालवी आणि ती इतक्या जिवाभावाच्या झाल्या, की वाटेत दिसल्या की एकीने म्हणायचं, "जाळीतल्या जाळीत," आणि दुसरीने म्हणायचं, "ओ!" बस्स. एवढ्यात सगळं बोलून व्हायचं.

आता रेशीमच्या बाबांची गोष्ट ऐका. त्यांचं नाव काटेराव. त्यांना गव्यांच्या टकरीचं वेड. नदीकाठच्या माळावर दोन गवे शिंगांना शिंगं भिडवायचे आणि अर्धं जंगल भोवती उभं राहून ओरडायचं. काटेराव ढाण्या नावाच्या गव्याच्या बाजूचे. टकरीच्या दिवशी ते कपाळाला नदीचा लाल चिखल फासून जायचे.

एके दिवशी रेशीम गुणगुणत घरी आली. पाहते तर बाबा कोपऱ्यात तोंड लपवून हुंदके देतायत. घसा बसलाय. चिखलातून आसवांचे ओघळ आलेत.

"बाबा, काय झालं?"

"ढाण्या हरला."

"मग तुम्ही का रडताय?"

"तुला नाही कळायचं," बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "त्यात परंपरा आहे. निष्ठा आहे. तू कुठून आलीस?"

"जांभळीखालून."

"पुन्हा तेच! त्या उंडग्या बुलबुलापायी पोरी नुसत्या ओरडतात आणि रडतात. लाज नाही वाटत?"

असं घरोघरी चाललं होतं. शेवटी आईबापांनी अभिरुची मंडळाकडे गाऱ्हाणं नेलं.

मंडळाचे अध्यक्ष होते धनेशपंत. धनेश पक्षी तुम्ही पाहिलाय ना? चोच ही एवढी, आणि तिच्यावर आणखी एक चोच ठेवल्यासारखा उंचवटा. त्यामुळे धनेशपंत काहीही बोलले तरी ते वजनदार वाटायचं. त्यांच्या पत्नी, धनेशकाकू, त्या वेळी अंड्यांवर बसल्या होत्या. धनेशांची रीतच तशी. बाई झाडाच्या ढोलीत जाते, ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून घेतात, चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवतात. पिल्लं मोठी होईपर्यंत नवऱ्याने फटीतून फळं भरवायची. पंत सभेत अभिमानाने सांगायचे, "स्त्रियांना काय हवं असतं, ते मला घरीच कळतं."

वडाखाली सभा भरली. रेशीमही बाबांबरोबर गेली.

"या गाण्याचा मोठा दोष म्हणजे," पंत म्हणाले, "ते एकदा ऐकलं की आवडतं. आवडायला कष्ट पडत नाहीत, ती कला कसली? शिवाय मध्येच 'ओ'! ओ हे काय काव्य झालं?"

एका म्हाताऱ्या कासवाने मान बाहेर काढून विचारलं, "पंत, आपण ऐकलंत का हो ते गाणं?"

"ऐकायचं काय त्यात? कोण ऐकतं ते पाहिलं की पुरे."

सभा खो खो हसली. पंतांना चेव आला. त्यांनी पिसं फुलवली, अंग हलवलं आणि बारीक आवाज काढला, "सळ्‌ सळ्‌ सळ्‌! अय्या, मोहर! सळ्‌ सळ्‌!"

ही नक्कल कुणाची ते सगळ्यांना कळलं. सगळ्यांनी वळून रेशीमकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं. मग बाबाही हसले. आधी जरा उशिराने, मग सगळ्यांइतकेच.

रेशीमने काटे अंगाशी घट्ट दाबून धरले. कानशिलं तापली होती. आणि ती मोठ्याने म्हणाली, "मला नाही आवडत ते गाणं! थिल्लर आहे! मी सहज म्हणून गेले होते."

मागच्या बाजूला पालवी उभी होती. ते रेशीमला ठाऊक होतं.

"वा!" धनेशपंत म्हणाले. "ही पोर इतर पोरींसारखी नाही!"

बाळांनो, त्या जंगलात मुलीला यापेक्षा मोठी पदवी मिळत नसे.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्याच्या वाटेवर पालवी समोरून आली. काही झालंच नाही असं दाखवत तिने म्हटलं, "जाळीतल्या जाळीत..."

रेशीम एका दगडाकडे बघत राहिली. दगडात बघण्यासारखं काही नव्हतं. पालवी कान टवकारून थांबली. बराच वेळ थांबली. मग तिचे कान खाली आले आणि ती पाणी न पिताच माघारी गेली.

त्या दिवसापासून रेशीमचा मान वाढला. बाबा तिला टकरीला नेऊ लागले. तिथे काय चाललंय ते तिला कळत नसे, पण ती मान डोलवायला शिकली. पंतांनी तिला शिकवणीला बोलावलं. चांगलं काय, वाईट काय, हे ते स्वतः सांगणार होते.

ती पंतांच्या झाडाखाली पोचली तेव्हा ते उंबरं आणायला गेले होते. झाड शांत होतं. आणि वरच्या ढोलीतून, चिखलाच्या फटीतून, कुणीतरी हळूच गात होतं.

"जाळीतल्या जाळीत कोण गं रडतं..."

रेशीमच्या काट्यांतून शहारा गेला. सळ्‌.

गाणं थांबलं. "कोण आहे खाली?"

"मी रेशीम, काकू. सायाळीची."

"अगं, ती सळसळणारी तूच का? वारा इकडचा असला की तुझी सळसळ इथवर यायची. मी आत चोचीने ठेका धरायचे. हल्ली येत नाही ती. बरी आहेस ना?"

"बरी आहे. पण काकू, ते गाणं थिल्लर आहे."

"हो बाई. हेही रोज येऊन सांगतात. मी 'हो' म्हणते, उंबर घेते. हे गेले की पुन्हा गाते."

"म्हणजे तुम्हाला आवडतं?"

काकू म्हणाल्या, "इथे अंधार आहे गं. स्वतः होऊन बसलेय, तक्रार नाही. पण अंधारात कुणीतरी 'मला ऐकू येतं' म्हणतं, ते बरं वाटतं. त्यात थिल्लर काय, ते मला अजून कळलेलं नाही. तुला कळलं असेल तर सांग."

रेशीमला सांगता येईना. ज्या जाळीत ती त्या संध्याकाळी रडत होती ती तिला आठवली. मग पालवीचे खाली आलेले कान आठवले. शिकवणीला न थांबता ती जांभळीकडे पळत सुटली.

पण जांभळीखाली पोरी नव्हत्याच. तिथे काटेराव आणि त्यांची सगळी टकरीची मंडळी जागा झाडत होती.

झालं होतं असं. त्या सकाळच्या टकरीत ढाण्या गुडघे टेकून खाली बसला. कुणीतरी, ज्याच्या घरी बहीण दिवसभर तेच गाणं म्हणायची त्याने, ओरडून म्हटलं, "ओ दे रे, ढाण्या, ओ दे रे!" सगळा माळ गर्जला, "ओ!" ढाण्या उठला आणि जिंकला. दुपारपर्यंत प्रत्येक बोका आणि प्रत्येक रानडुक्कर ते गाणं म्हणत फिरत होता. गाण्यात बदल एकच. 'गं' काढून 'रे' घातला होता.

धनेशपंतांनी लगोलग ठराव मांडला होता. "ओ हा सृष्टीचा आद्य उद्गार आहे! या गाण्याची खोली आजवर कुणाच्या ध्यानात आली नाही, हे आपलं दुर्दैव." कासवाने विचारलं होतं, "कुणाच्याच नाही?" पंत म्हणाले होते, "जाणकारांपैकी कुणाच्याच नाही."

त्याच संध्याकाळी मोहरची खास मैफल ठरली. पुढे मंडळ बसलं. त्यामागे टकरीवाले. पोरींना सांगितलं, सगळ्यात मागे बसा, निवडुंगापाशी, आणि मध्ये ओरडू नका, गांभीर्य जातं. एकट्या रेशीमला मात्र पुढे, पंतांच्या शेजारी जागा होती. ती इतर पोरींसारखी नव्हती ना!

मोहर गाऊ लागला. "जाळीतल्या जाळीत कोण रे रडतं? ओ दे रे, ओ दे रे, मला ऐकू येतं..."

आणि तो थांबला. तिथे 'ओ' यायची सवय होती त्याला. पण मंडळ डोळे मिटून माना डोलवत होतं. टकरीवाले मंडळाकडे पाहून माना डोलवत होते. मोहरने पुन्हा म्हटलं, "ओ दे रे..." कुणी हूं की चूं केलं नाही. वळवलेला तुरा खाली पडला. बिचारा हाका मारत होता आणि एवढ्या मोठ्या सभेत कुणी ओ देत नव्हतं.

रेशीमने मागे पाहिलं. निवडुंगापाशी पालवी मान खाली घालून बसली होती. रेशीमला ठाऊक होतं, आता आवाज केला तर ही जागा गेली, पदवी गेली, बाबांचा मान गेला. तरी ती उठली.

"ओ!"

काटे असे फुलले, की शेजारी डोळे मिटून बसलेले धनेशपंत, "अगं आई गं!" करत हवेत उडाले.

मोहरचं तोंड खुललं. "ओ दे गं!" तो म्हणाला. 'गं' म्हणाला! निवडुंगापासून साऱ्या पोरी उसळल्या. "ओ!" गांभीर्य जे गेलं ते पुन्हा आलं नाही.

त्या गोंधळात रेशीम मागे गेली. पालवी ओरडत नव्हती.

"पालवी, त्या दिवशी तू हाक मारलीस आणि मी ओ दिली नाही."

"ऐकू आली होती तुला?"

"आली होती."

"मला वाटलं, माझा आवाजच गेला." पालवीने नाक ओढलं. "मी चार दिवस तुझ्याशी बोलणार नाही."

"बरं."

"पण इथेच बस."

रेशीम बसली. बाबा लांबून डोळे वटारत होते. तिला भीती वाटली, आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम.

दुसऱ्या दिवशी मंडळाची तातडीची बैठक झाली. पाठीतले काटे काढून घेत धनेशपंतांनी नवा ठराव लिहवून घेतला: हे गाणं मुळात थोर होतं, पण पुढे पोरींच्या हाती लागून बिघडलं.

ठराव एकमताने मंजूर झाला. तो पोरींना वाचून दाखवायला मंडळाचा निरोप्या कोल्हा जांभळीखाली गेला. तिथे कुणी नव्हतं. पोरी केव्हाच ओढ्यापलीकडे गेल्या होत्या. तिकडे एक बेडकी नवीनच गायला लागली होती म्हणे. कोल्ह्याने येऊन तसं सांगितलं, तेव्हा पंतांनी मोठा सुस्कारा टाकला आणि न ऐकताच चोच मुरडली.

तात्पर्य : मुलींना आवडतं ते थिल्लरच असतं. मात्र ते अभिजात व्हायला फारसा वेळ लागत नाही. फक्त मुलींना उठवून मागच्या रांगेत बसवावं लागतं.